सुक्या शिंपल्यातली मेंढी

प्रयोगशाळेच्या काचेच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती : 'येथे लेबलावर विश्वास ठेवला जात नाही.' ही पाटी साहेबांनी स्वतः लिहून घेतली होती, आणि तिच्याखाली उभं राहून स्वतःचा एक फोटोही काढून घेतला होता. फोटोखाली त्यांच्या नावाचं आणि हुद्द्याचं लेबल होतं. त्यावर मात्र सगळ्यांनी विश्वास ठेवायचा होता.

या प्रयोगशाळेत मध, तेल, दूध, मसाले असं काय काय यायचं आणि आपलं खरं रूप उघडं करून जायचं. तपासनीस बाईंच्या वाट्याला सुकी मासळी आली होती. सुकी मासळी हा मुळातच थापा मारायला सोयीचा प्रकार. डोकं नाही, शेपूट नाही, खवले नाहीत. ओळख पटवायला उरतो फक्त वास, आणि वासाच्या बाबतीत सगळ्या एकाच माळेचे मणी. पण बाईंकडे यंत्र होतं. नमुन्यातली प्रथिनं काढायची, पोटातल्या पाचक रसासारख्या एका रसाने त्यांचे बारीक तुकडे करायचे, आणि ते तुकडे यंत्रात घालून तोलायचे. प्रत्येक प्राण्याच्या तुकड्यांची वजनं वेगळी. शिंप्याच्या पायाशी पडलेल्या चिंध्या पाहून सदरा कुणाचा शिवला ते सांगावं, तसं यंत्र तुकडे तोलून सांगायचं : ही कोळंबी, ही सुरमई, आणि ही सुरमई म्हणवून घेणारी दुसरीच कोणीतरी.

यंत्राला सगळे 'महाराणी' म्हणत, कारण तिला उकाडा सोसत नसे. तिच्या खोलीत एवढी थंडी असायची की तिथे ठेवलेला चहा पाहुण्यासारखा लगेच गार व्हायचा. तरी आत लोकरीचा कपडा घालून जायला सक्त मनाई होती. लोकर म्हणजे केस, केस म्हणजे प्रथिन. एक तंतू नळीत पडला की महाराणी तोही इमानेइतबारे तोलणार. त्यामुळे बाई एकावर एक सुती झगे चढवून आत जायच्या आणि लग्नातल्या बँडवाल्यासारख्या फुगलेल्या दिसायच्या.

मनाईला अपवाद एकच. साहेबांचं जाकीट.

ते बिनबाह्यांचं, राखाडी जाकीट अस्सल पश्मिन्याचं होतं. साहेबांच्या मेव्हण्यांनी भेट दिलेलं. उंच डोंगरावरची बकरी, तिच्या गळ्याखालची मऊ लव, ती हाताने विंचरून काढायची, ही सगळी कथा इमारतीतल्या प्रत्येकाने ऐकली होती. लिफ्टवाल्याला तर ती पाठ होती. बाईंनी एकदा भीत भीत लोकरीच्या नियमाची आठवण करून दिली, तेव्हा साहेब म्हणाले होते, "बाई, पश्मिना ही लोकर नसते, पश्मिना असते. आणि समजा एखादा तंतू पडलाच, तर यंत्र 'बकरी' म्हणेल की! आजवर कधी बकरी निघाली?"

नव्हती निघाली. युक्तिवाद शास्त्रशुद्ध होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनीही.

त्या वर्षी बाजारात शिंपल्यांचा गोंधळ उठला. मोठ्या शिंपल्याच्या आतला पांढरा गोल गर वाळवून ज्या चकत्या करतात, त्यांना चांगला भाव असतो. आणि भाव आला की भाऊबंदही येतात. पाकट नावाचा एक पसरट मासा आहे. घोंगडी अंथरल्यासारखा समुद्राच्या तळाशी पडून असतो. त्याच्या पंखांतून बिस्किटाच्या साच्याने गोल चकत्या पाडायच्या, वाळवायच्या, आणि शिंपले म्हणून विकायच्या, हा उद्योग कुणाला तरी सुचला आणि मग सगळ्यांनाच सुचला. अन्न निरीक्षकांनी बाजारभर फिरून दुकानादुकानातून मूठमूठ चकत्या उचलल्या. पाकिटांवर फक्त आकडे घातले. कुठला आकडा कुणाचा, ते ऑफिसच्या कपाटात बंद. नात्यातल्या दुकानाच्या नमुन्याला हात लावायचा नाही असा प्रयोगशाळेत नियम होता. आणि कुठला नमुना कुणाच्या दुकानाचा हे कळू द्यायचं नाही, असाही नियम होता. दोन्ही नियम साहेबांनी एकाच दिवशी केले होते.

बाई कामाला लागल्या. पहिलं पाकीट पाकट. दुसरं पाकट. मग पाकटांचं जणू संमेलनच भरलं. शेवटचं पाकीट तेवढं शिंपला निघालं. नुसता शिंपला नव्हे, साजूक शिंपला. बाईंना इतका आनंद झाला की त्या निकाल घेऊन स्वतः साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये गेल्या.

साहेबांचा चेहरा गंभीर झाला.

"अगदी शुद्ध?"

"अगदी."

"शंका येते." साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "बाई, नोकरीत केस पिकले तुमचे. इथे शुद्ध असं काही आलेलं पाहिलंय कधी? हा कोणीतरी पोचलेला लबाड आहे. पुन्हा करा. माझ्यासमोर करा."

एरवी साहेबांची देखरेख काचेतूनच चाले. त्या दिवशी ते महाराणीच्या खोलीत जातीने आले आणि बाईंच्या खांद्यावरून उघड्या नळ्यांत डोकावत उभे राहिले. साहेब विचारात पडले की जाकिटावरचे लोकरीचे बारीक गोळे बोटांनी खुडत. त्या दिवशी ते फार विचारात होते.

महाराणीने नमुना तोलला आणि सांगितलं : शिंपला, आणि मेंढी.

"बघा!" साहेब असे ओरडले की जणू मेंढी त्यांनीच पकडून आणली होती. "म्हटलं नव्हतं मी?"

बाई पडद्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा पाहत होत्या. "साहेब, हे मटणातलं प्रथिन नाही. केसातलं आहे. शिंपल्यात मेंढीचे केस कोण घालेल? आणि कशाला?"

"तो पुढचा प्रश्न. आपण काय आढळलं तेवढंच सांगायचं. लिहा, 'मेंढीचा अंश आढळला.' सोपी भाषा ठेवा. लोकांना कळलं पाहिजे."

बाईंनी आणखी काही बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात चहा आला. उघडलेल्या तोंडाने चहा घेतला, आणि रिकाम्या हाताने सही केली. जगातल्या बऱ्याच सह्या अशाच होतात.

पुढचं काम नियमाने झालं. शिंपल्याच्या नावाने पाकट विकणाऱ्यांना काय दंड करायचा, हे नियमात लिहिलेलं होतं. त्यांनी दंड भरला आणि संध्याकाळी दुकानं उघडली. शिंपल्यात मेंढी सापडली तर काय करायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे वर विचारणा गेली, आणि वरून उत्तर येईपर्यंत त्या एका दुकानाला सील लागलं.

त्या संध्याकाळी बाई घरी पोचल्या, तर जेवणाच्या टेबलाशी त्यांची थोरली नणंद बसलेली. नणंदेचे यजमान बोटीवर नोकरीला, सदा समुद्रात. आणि ती किनाऱ्यावर, सुक्या मासळीचं दुकान सांभाळून. दुकानाचा वास पाटीच्या आधी भेटायचा आणि नणंदेचा आवाज वासाच्याही आधी. आज मात्र तिचा आवाज बसला होता.

"काय झालं वन्सं?"

"दुकानाला सील ठोकलं माझ्या," नणंद म्हणाली. "माझ्या शिंपल्यात म्हणे मेंढी सापडली. मेंढी!"

बाईंच्या हातातली पिशवी खाली बसली.

"अगं, पाकटवाले दंड भरून, पान खाऊन गल्ल्यावर बसलेत. आणि मी, जिने एकेक चकती निवडून घेतली, उन्हात घातली, उलटली, पाखरं हाकलली, ती बाहेर. माल आत कोंडलाय. हवा लागली नाही, ऊन लागलं नाही, की त्या चकत्यांना बुरशी धरायला किती वेळ? सगळा मोसम त्या गोण्यांत आहे माझा. आणि वर ही बदनामी! समोरचा पाकटवाला विचारतो, 'काय ताई, माशाच्या दुकानात खाटीकखाना कधी काढलात?' त्या पाकटाच्या पोटच्याने मला विचारावं?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा शाळेत भूमिती शिकवायचा आणि बहीण आणि बायको या दोन समांतर रेषा आहेत, त्यांच्या मध्ये रेघ ओढायची नाही, हे त्याला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. त्याने पाण्याचा पेला उचलला आणि तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

"बाळ्या, पाणी नंतर पी," नणंद म्हणाली. बाळ्याला टक्कल पडून बरीच वर्षं झाली होती. "कोण ती मेली तपासणारी, मला एकदा भेटू दे. हात झडोत तिचे! डोळे होते की शिंपले? शाळेत काय शिकली, मेंढ्या वळायला?"

बाईंनी भाताचं भांडं घेतलं. "वन्सं, आणखी थोडा भात वाढू?"

नणंदेने क्षणभर वर पाहिलं. मग ताट पुढे केलं. "वाढ. आणि मला सांग, मेंढी माझ्या दुकानात येईल कुठून? सहा शिड्या लावल्या तरी माळ्यावरच्या गोणीत चढायची नाही. तुमच्याच त्या प्रयोगशाळेत पाळली असेल कुणी!"

रात्रभर नणंदेचं ते शेवटचं वाक्य बाईंच्या डोक्यात चरत राहिलं.

सकाळी त्या थेट केबिनमध्ये गेल्या. "साहेब, तो मेंढीवाला नमुना माझ्या नणंदेच्या दुकानातला आहे. काल घरी कळलं. मला आता त्याला हात लावता येणार नाही. पण तो पुन्हा तपासायला हवा."

साहेब खूश झाले. एक तर नियम पाळला गेला, आणि दुसरं म्हणजे फेरतपासणीला दुसरं कोणीच उरलं नाही. "मग मीच करतो. हात अजून विसरलेला नाही."

हात खरंच विसरलेला नव्हता; चष्मा विसरला होता. तो आणल्यावर काम सुरू झालं. बाई काचेबाहेरून पाहत होत्या. साहेब नळी उघडत, थेंब सोडत, मागे रेलून विचार करत. आणि विचार करताना त्यांची दोन बोटं जाकिटाच्या पोटावरून एक गोळा खुडत. थंड हवेच्या झोतावर एक राखाडी तंतू उठला, संथपणे गिरकी घेत खाली आला आणि दिसेनासा झाला. बाईंच्या मनात लख्खकन काहीतरी चमकलं, आणि तसंच विझलं. बकरी, त्यांनी स्वतःला सांगितलं. ती बकरी आहे.

या खेपेला मेंढी आधीपेक्षा जास्त निघाली.

"कळपच आहे!" साहेब बाहेर येऊन म्हणाले. "बाई, मला तुमच्याबद्दल सहानुभूती आहे. पण नणंद ती नणंद, आणि शास्त्र ते शास्त्र."

बाई जागेवर येऊन बसल्या. नात्यातल्या नमुन्याला हात लावायचा नाही, ठीक. पण पाण्याशी त्यांचं काही नातं नव्हतं. दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या आत त्यांनी नळीत नुसतं शुद्ध पाणी घेतलं आणि महाराणीपुढे ठेवलं. काही नाही. तसं तर रोज सकाळी होतच असे. दिवसाची सुरुवात कोऱ्या पाण्याने करून यंत्र साफ असल्याची खात्री करायची, हा शिरस्ता होता. आणि शिरस्ता नेहमी साहेब घरी दाढी करत असतानाच उरकायचा. हे बाईंच्या आज प्रथम ध्यानात आलं. मेंढी प्रयोगशाळेतलीच असेल, तर ती पाण्यावर येणारच. फक्त ती केव्हा येते ते पाहायला हवं.

साहेब आल्यावर त्या म्हणाल्या, "साहेब, एक कोरी नळी तुमच्या हातची हवी होती. तुमच्यासारखं पाणी कुणाला घालता येत नाही."

स्तुती आत शिरायला लोकरीचा नियम लागू नव्हता. साहेब आत गेले, नळीत पाणी घातलं, तिच्याकडे विचारपूर्वक पाहिलं, दोन गोळे खुडले.

महाराणी म्हणाली : मेंढी.

साहेब पडद्याकडे पाहतच राहिले. "म्हणजे पाण्यातसुद्धा भेसळ! बाई, हे प्रकरण फार वरपर्यंत गेलेलं दिसतं. पाणीपुरवठ्याला लिहा."

"साहेब, सकाळी मी हेच पाणी तपासलं. त्यात काही नव्हतं. आता तुम्ही चहा पिऊन या, मी पुन्हा करते."

साहेब चहाला गेले. मेंढी गेली. साहेब परत आले. मेंढीही परत आली. कुकू घड्याळातल्या पाखरासारखं आत-बाहेर तीनदा झालं, तेव्हा बाईंनी हात जोडले.

"साहेब, लहान तोंडी मोठा घास. पण मेंढी तुमच्याबरोबर येते, आणि तुमच्याबरोबर जाते."

"मी मेंढी आहे असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तुम्ही नाही. जाकीट."

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि हसले. अगदी समजूतदारपणे, पोराच्या गणितातली चूक सापडावी तसे. "अहो बाई, जाकीट बकरीचं आहे! यंत्र मेंढी म्हणतंय. बकरी म्हणालं असतं तर मी आत्ता, इथे, मान खाली घातली असती. उलट यावरून जाकीट निर्दोष आहे हेच सिद्ध होतं."

बाईंनी मान डोलावायला सुरुवात केली. इतक्या वर्षांची सवय. अर्ध्यावर मान थांबली. समोर काचेपलीकडे दारावरची पाटी उलटी दिसत होती, आणि उलटी असल्यामुळे की काय, बाईंनी ती प्रथमच नीट वाचली. मध लेबलावर घ्यायचा नाही, तेल घ्यायचं नाही, मासा तर नाहीच नाही. आणि एवढी सगळी संशयी माणसं एका मेव्हण्याच्या शब्दावर एवढी वर्षं बिनघोर बसली होती.

"अगदी खरं साहेब," त्या म्हणाल्या. "जाकीट निर्दोषच आहे. फक्त ते एकदा कागदावर आणून टाकू या. उद्या वरून कुणी विचारलं तर आपल्याकडे पुरावा पाहिजे. बकरी ती बकरी, आणि शास्त्र ते शास्त्र."

शास्त्राचं नाव निघाल्यावर साहेबांना माघार घेता येईना. त्यांनी स्वतः एक गोळा खुडला, आणि गळ्यातला दागिना सोनाराकडे द्यावा तसा बाईंच्या हातात ठेवला. महाराणी बराच वेळ गुणगुणली. साहेब तोवर नव्या माणसाला बकरीची कथा सांगावी म्हणून इकडेतिकडे पाहत होते, पण नवं कोणीच नव्हतं.

निकाल आला. बाईंनी तो दोनदा वाचला आणि कागद पुढे केला. मेंढी. निव्वळ मेंढी. बकरीने त्या जाकिटाकडे लांबूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. बाईंना वाटलं, आता आभाळ कोसळणार. दुकानाचं सील जन्मात निघत नाही, आणि आपली बदली सुक्या मासळीवरून खताच्या विभागात.

"दर भेटीत," साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "दर भेटीत हा माणूस माझ्या जाकिटाला हात लावून विचारतो, 'काय भावोजी, जपून वापरता ना? तुमच्या पगारात दुसरं व्हायचं नाही.' जेवताना विचारतो. चारचौघांत विचारतो. आमची ही कौतुकाने बघते त्याच्याकडे."

"साहेब…"

"आणि मी आभार मानतो. बाई, दर वेळी आभार मानतो!"

मग त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू उगवायला लागलं. पहिल्यांदा मिशीखाली, मग गालांवर, मग कानापर्यंत. इतक्या वर्षांत साहेबांना कोणी एवढं सुखी पाहिलं नव्हतं.

"याच्या दोन प्रती काढा. सही स्पष्ट करा. शिक्का ठळक मारा, मेव्हण्याला जवळचं नीट दिसत नाही."

"आणि शिंपल्याचं काय साहेब?"

"कुठला शिंपला? हां, तो! मेंढी आमची निघाली. त्यात शिंपल्याचा काय दोष? शुद्धिपत्रक लिहा, आत्ताच सही करतो. निरीक्षकांना म्हणावं, आज दुपारच्या आत सील निघालं पाहिजे." आणि टेबलावरचा फोन उचलून ते पलीकडच्या माणसाशी मधाळ आवाजात बोलू लागले, "काय म्हणता मेव्हणे? येत्या रविवारी या की जेवायला. सगळ्यांना घेऊन या. हो, हो, जाकिटाचाच विषय आहे."

न्याय अशा तऱ्हेने झाला. न्यायाला काय, कुठल्याही दाराने आत आला तरी चालतं.

नणंदेचं दुकान उघडलं. गोण्यांतल्या चकत्या जराशा सादळल्या होत्या. गच्चीवर अंथरल्या, कडक ऊन मिळालं, आणि त्या पुन्हा खडखड वाजायला लागल्या. शुद्ध शिंपल्याचं दुकान म्हणून सरकारी कागदाची एक नक्कल तिने दाराशी लावली. फक्त एक गिऱ्हाईक थोडं नाराज झालं. "मेंढीवाले संपले का?" असं विचारून ते रिकाम्या हाताने परत गेलं.

संध्याकाळी नणंद पिशवीभर चकत्या घेऊन भावाकडे आली. जेवायला बसल्यावर बाईंना राहवेना. नवऱ्याने धोका ओळखून आधीच पेला भरून घेतला.

"वन्सं, एक सांगायचंय. ती मेली तपासणारी… मीच."

"माहीत आहे," नणंद म्हणाली आणि लोणचं घेतलं.

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्याच दिवसापासून. अगं, तू मला आपण होऊन दुसऱ्यांदा भात वाढलास! लग्न होऊन या घरात आल्यापासून कधी वाढला होतास? तेव्हाच म्हटलं, हिचं काहीतरी चुकलंय, आणि मोठं चुकलंय."

"मग तसं स्पष्ट बोलायचं ना! हात झडोत काय, मेंढ्या वळ काय…"

"स्पष्ट बोलले असते तर तू मला नियम सांगत बसली असतीस. लेकी बोले सुने लागे, म्हणून शिव्या दिल्या. आणि लागलीस की नाही कामाला?" नणंदेने भावाकडे पाहिलं. "हा बाळ्या तर दोन दिवसांत अख्खी विहीर प्यायला."

बाळ्याने पेला खाली ठेवला.

बाईंना हसू आवरेना. काय करावं ते न सुचून त्यांनी भाताचं भांडं उचललं आणि नणंदेच्या ताटाकडे हात नेला.

नणंदेने ताटावर आडवा हात धरला. "राहू दे बाई. आता पुन्हा वाढलास तर आणखी काय निघालंय, ते विचारावं लागेल."